लग्नाच्या जुन्या डीव्हीडीतली खरी फिल्म कोणती, आणि ती लहान कशी करायची

आमच्या ताईचं लग्न २०१० च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावी, घरासमोरच्या मांडवात लागलं. मंगलाष्टकं आबाजींनी, म्हणजे आईच्या वडिलांनी म्हटली. आबाजी आता नाहीत. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, फक्त त्या लग्नाच्या डीव्हीडीत आहे. डीव्हीडी प्लेअर कधीचा बंद पडला आणि नव्या टीव्हीला चालतो तो पेनड्राइव्ह. मागच्या वर्षी धान घरात आल्यावर आई म्हणाली, "मले फक्त एक डाव आबाजीचा आवाज आयकाचा आहे."

मी डिस्क तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात दिली आणि दोनशे रुपये देऊन पेनड्राइव्ह भरून आणला. सगळे टीव्हीसमोर बसलो. २७ मिनिटं झाली, हळद चालू होती आणि शूटिंग मध्येच बंद. दुकानदार म्हणाला, डिस्क खराब आहे, एवढंच निघालं. पण डिस्क खराब नव्हती. फिल्म चार फाइलींमध्ये विभागलेली होती आणि त्याने पहिलीच फाइल दिली होती. आबाजी तिसऱ्या फाइलीत होते.

तेव्हापासून घरच्या, शेजारच्या आणि मामांच्या गावच्या मिळून बऱ्याच डिस्क मी स्वतः उतरवल्या. लग्नं, बारसं, गावच्या मंडईतलं (जत्रेतलं) नाटक, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. हे काम कुणालाही जमतं, फक्त कोणती फाइल काय आहे ते कळलं पाहिजे. म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

फाइलींची आणि बटणांची नावं स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत दिसतात. मी ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

काय काय लागेल

- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. हार्ड डिस्कवर किमान १० जीबी जागा मोकळी हवी.
- डीव्हीडी ड्राइव्ह. लॅपटॉपला नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा. तो थेट लॅपटॉपला जोडा, हबमधून जोडला तर त्याला पुरेशी वीज मिळत नाही आणि डिस्क नुसती टिकटिक करत फिरते.
- व्हीएलसी प्लेअर. पाहण्या-तपासण्यासाठी.
- हँडब्रेक. फाइल लहान करण्यासाठी. हे फुकट आहे. ते फक्त हँडब्रेक डॉट एफआर या त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, सारख्या नावाच्या साइट पैसे मागतात किंवा नको ते सॉफ्टवेअर गळ्यात घालतात.
- सुती मऊ कापड, वही, पेन.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं आपल्या घरच्या शूटिंगसाठी आहे. बाजारातून विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कला बहुधा कुलूप असतं आणि हँडब्रेक ते उघडत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ए आलं, त्यात असं कुलूप तोडण्याबद्दल शिक्षा आहे. त्या वाटेला जाऊ नका. नाटकाची शूटिंग असेल तर मंडळाला विचारून घ्या, तेही बहुतेक वेळा आनंदाने हो म्हणतात, कारण त्यांच्याकडेही प्रत उरलेली नसते.

१. डिस्क पाहा आणि पुसा

डिस्क उजेडात तिरपी धरा. खालची बाजू जांभळट दिसेल, ती तशीच असते. बोटांचे ठसे, धूळ, हळदीचा डाग असेल तर कापडाने मधल्या छिद्रापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा माहितीच्या ओळीबरोबरच धावतो आणि ड्राइव्हला तो भरून काढता येत नाही, सरळ ओरखडा मात्र बऱ्याचदा चालून जातो. टूथपेस्ट लावण्याचा उपाय गावोगाव सांगतात. मी तो करत नाही आणि तुम्हीही आपली एकुलती एक डिस्क त्यासाठी देऊ नका.

वर नवरा-नवरीचा फोटो चिकटवलेला असेल आणि त्याची कड सुटली असेल तर ओढून काढू नका. हलक्या हाताने दाबून बसवा. सीडीत तर माहितीचा थर त्या छापील बाजूच्या अगदी खालीच असतो, कागद ओढला की थरही निघून येतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखाली, आलमारीच्या वरच्या खणात वर्षानुवर्षं पडलेल्या डिस्क मी पाहिल्या आहेत, कडेपासून रंग उडालेल्या. त्यांचं काम पुढच्या लग्नसराईवर ढकलू नका, याच आठवड्यात करा.

२. आधी पूर्ण डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्या

डिस्कवरून थेट फाइल लहान करायला बसू नका. जुनी डिस्क दोन-दोन तास फिरवत ठेवण्यापेक्षा ती एकदाच वाचून घेतलेली बरी.

डिस्क उघडली की दोन फोल्डर दिसतील: ऑडिओ-टीएस आणि व्हिडिओ-टीएस. ऑडिओ-टीएस रिकामा असतो, त्यात आवाज असेल असं वाटतं पण नसतो. व्हिडिओ-टीएस हा अख्खा फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा. त्याला नाव द्या: "ताई-लग्न-२०१०-डिस्क१".

कॉपी मध्येच अडकली तर डिस्क काढा, पुन्हा पुसा, दुसऱ्या कुणाच्या ड्राइव्हवर लावून पाहा. ड्राइव्ह ड्राइव्हमध्ये फार फरक असतो. आमच्या शेजारच्या काकूंची डिस्क माझ्याकडे वाचली नाही, पण त्यांच्या पुतण्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर पहिल्या दमात वाचली. एकच फाइल अडत असेल तर तिला वगळून बाकीच्या उतरवा, अडलेलीसाठी डीडीरेस्क्यू किंवा आयसोबस्टर वापरता येतं. ती साधनं खराब जागा सोडून पुढचं वाचून घेतात.

डिस्कमध्ये व्हिडिओ-टीएसऐवजी एमपीईजी-एव्ही नावाचा फोल्डर दिसला तर ती व्हीसीडी आहे, २०००-०५ च्या आसपासच्या लग्नांची बहुधा तीच असते. त्यात एव्हीसेक-०१ अशी डॅट फाइल असते. सगळ्यात मोठी डॅट म्हणजे फिल्म. ती मुळातच ३५२ बाय २८८ एवढ्या लहान चित्राची असते, तिला आणखी दाबू नका. कॉपी करा, व्हीएलसीमध्ये चालवून पाहा, झालं.

३. मुख्य फिल्मच्या फाइली ओळखा

गोंधळ होतो तो इथेच, म्हणून सावकाश वाचा.

व्हिडिओ-टीएस उघडला की वीस-पंचवीस फाइली दिसतात आणि नावं सगळी सारखी. त्यांत तीन जाती आहेत.

आयएफओ म्हणजे नकाशा. कोणता भाग कुठून सुरू होतो, किती वेळाचा आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. बीयूपी म्हणजे त्याच नकाशाची राखीव प्रत. आणि व्हीओबी म्हणजे खरा माल, त्यात चित्र आणि आवाज एकत्र असतात.

आता नावाकडे बघा. "व्हीटीएस-०२-३" यातला ०२ हा संचाचा क्रमांक, शेवटचा ३ हा त्या संचातला तुकडा. शेवटी शून्य असेल तर तो त्या संचाचा मेनू, म्हणजे फुलांच्या चौकटीत फोटो फिरतात ते पान. ती फिल्म नाही. १ पासून पुढे फिल्म.

डीव्हीडीच्या नियमानुसार एक व्हीओबी १ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून लांब फिल्मचे तुकडे पडतात, आणि ते कुठेही पडतात, वाक्याच्या मध्येसुद्धा. आमच्या ताईच्या डिस्कवर असं होतं:

- संच ०१: एकच तुकडा, ९६ एमबी. स्टुडिओची जाहिरात आणि उडणारी नावं.
- संच ०२: चार तुकडे. पहिले तीन जवळपास १ जीबीचे, चौथा ६४० एमबीचा. हीच फिल्म.
- संच ०३: एक तुकडा, २१० एमबी. सिनेमाच्या गाण्यावर बसवलेले निवडक क्षण.

एकाच संचात पूर्ण भरलेले १ जीबीचे तुकडे ओळीने आणि शेवटी एक अर्धवट तुकडा दिसला की तीच मुख्य फिल्म समजा. आमच्या डिस्कवर एका तुकड्यात सुमारे २७ मिनिटं होती. दुकानदाराने दिलेली २७ मिनिटं कुठून आली ते आता तुमच्याही लक्षात आलं असेल.

खात्री करायला व्हीएलसी उघडा, "ओपन डिस्क"ऐवजी "ओपन फोल्डर" घेऊन व्हिडिओ-टीएस दाखवा आणि प्लेबॅकच्या यादीत "टायटल" (डिस्कवरचा सलग चालणारा एकेक भाग) पाहा. हँडब्रेकमध्ये तर अजून सोपं: "फोल्डर" निवडून तोच व्हिडिओ-टीएस दिला की तो नकाशा वाचतो आणि टायटलच्या यादीत प्रत्येकासमोर वेळ लिहितो. आमच्याकडे टायटल २ समोर १ तास ३८ मिनिटं आलं. संच ०२ च्या चारही फाइली त्या एका टायटलमध्ये आपोआप जोडलेल्या असतात.

म्हणूनच हँडब्रेकमध्ये एकटी व्हीओबी फाइल ओढून टाकू नका. तशी टाकली की पुन्हा २७ मिनिटंच हाती लागतात. व्हीओबीचं नाव बदलून एमपीजी करण्याचा सल्लाही मिळेल. तशी फाइल चालते, पण वेळ चुकीची दिसते आणि पुढे-मागे सरकवताना अडखळते.

आता जिथे सगळ्यात मोठं टायटल हे उत्तर नसतं, ती प्रकरणं.

पहिलं, तुकड्या-तुकड्यांची डिस्क. काही शूटिंगवाले साक्षगंध (साखरपुडा), हळद, लग्न, वरात असे वेगवेगळे टायटल करतात आणि सलग असं टायटल ठेवतच नाहीत. तिथे सगळ्यात मोठं टायटल घेतलं तर लग्न मिळतं, पण साक्षगंध जातं. अशा वेळी हँडब्रेकमध्ये रांगेत "ॲड ऑल" करा आणि प्रत्येक भागाची वेगळी फाइल होऊ द्या.

दुसरं, याच्या उलट. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांच्या डिस्कमध्ये मला हे दिसलं. अंकांचे वेगळे टायटल असतात आणि सगळे सलग चालवणारं एक मोठं टायटलही असतं. चित्र तेच, नकाशा दोनदा. तिथे सगळं घेतलं तर नाटक दोनदा उतरतं आणि रात्रभराचं काम फुकट जातं. वेळांची बेरीज करून पाहा: लहान टायटलांची बेरीज मोठ्याएवढी आली तर फक्त मोठं घ्या.

तिसरं, फिल्म एका डिस्कवर संपतच नाही. मंडईतलं नाटक रात्री सुरू होऊन पहाटे संपतं, ते एका ४.७ जीबीच्या डिस्कवर मावत नाही. भाग १, भाग २, भाग ३ असं डब्यावर लिहिलेलं असतं आणि डबे अदलाबदल झालेले असतात. ज्या झाडीपट्टी रंगभूमीचे कलाकार परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तिची गावोगावची रेकॉर्डिंग अशीच सुट्या डब्यांत पडून आहेत. उतरवण्याआधी प्रत्येक डिस्कची पहिली आणि शेवटची दोन मिनिटं पाहा आणि क्रम वहीत लिहा.

आणि लहान टायटल पाहिल्याशिवाय टाकून देऊ नका. मामांच्या गावच्या एका डिस्कवर शेवटी तीन मिनिटांचं टायटल होतं, मेनूत त्याचं नावही नव्हतं. शूटिंगवाल्याने लग्नाच्या आदल्या दिवशी कॅमेरा तपासायला घेतलेलं. त्यात अंगणात धानाचे कट्टे रचलेले, दोन बैल बांधलेले आणि त्यांच्यासमोर मामा वैरण टाकताना. पटाला धावायची ती जोडी. पुढे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळेपर्यंत ते बैल राहिले नव्हते. मामांनी ती तीन मिनिटं चार वेळा लावायला सांगितली.

४. फाइल लहान करा

डीव्हीडीवरचं चित्र एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीने साठवलेलं असतं, ती फार जागा खाते. तेच चित्र एच-२६४ पद्धतीने साठवलं तर साधारण एक तृतीयांश जागेत मावतं आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. आमची ३.६ जीबीची फिल्म १.१ जीबीची झाली.

हँडब्रेकमध्ये मी हे निवडतो:

प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, "फास्ट ५७६पी२५". आपल्याकडच्या डिस्क पाल पद्धतीच्या, म्हणजे ७२० बाय ५७६ चित्र, सेकंदाला २५ चौकटी. १०८०पी निवडू नका. जे मुळात चित्रात नाही ते मोठं करून येत नाही, फक्त फाइल फुगते आणि चेहरे मेणाचे दिसतात.

क्वालिटी आरएफ २०. इथे आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. अशा डिस्कसाठी १८ ते २२ च्या मध्ये राहा. मांडवातली शूटिंग बहुधा हॅलोजनच्या पिवळ्या उजेडातली, अंधारात दाणे-दाणे असलेली, ती २२ च्या पलीकडे नेली की मागचा पडदा आणि माणसांचे केस चिखलासारखे एकत्र होतात.

एन्कोडर, म्हणजे चित्र साठवण्याची पद्धत, एच-२६४च ठेवा. एच-२६५ ने फाइल अजून लहान होते, पण जुन्या टीव्हीवर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. ज्यांच्यासाठी हे करता त्यांच्या घरी कोणता टीव्ही आहे, त्यावर हे ठरवा.

फिल्टरमध्ये "डीकोंब" चालू आहे ना ते पाहा. त्या काळचे कॅमेरे चित्र एकाआड एक ओळींनी घेत. ते लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर पाहिलं की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. डीकोंब त्या घालवतो. वरातीतला नाच जास्त असेल तर डीइंटरलेसमध्ये "बॉब" घेऊन फ्रेमरेट ५० करता येतो. हालचाल फार गुळगुळीत होते, फाइल थोडी वाढते.

आवाज एएसी, १६० केबीपीएस. यात कंजुषी करू नका. आवाजाने जागा फारशी जात नाही, आणि माझ्यासारखं कुणी फक्त आवाजासाठीच हे करत असतं.

सगळं लावल्यावर लगेच "स्टार्ट" दाबू नका. आधी दोन मिनिटांचाच तुकडा करून पाहा. टायटलच्या शेजारी "चॅप्टर्स" लिहिलंय तिथे "सेकंद्स" करा आणि मधला एखादा भाग द्या. मी ४३२० ते ४४४० दिलं, म्हणजे १ तास १२ मिनिटांपासून पुढची दोन मिनिटं. ती फाइल टीव्हीवर लावून पाहिली, ठीक वाटली, मगच पूर्ण केली. चाचणीनंतर पुन्हा "चॅप्टर्स"वर यायला विसरू नका, नाहीतर रात्रभर ठेवून दोनच मिनिटं मिळतील.

५. लाइन जाईल हे धरूनच बसा

पूर्ण फिल्मला माझ्या जुन्या लॅपटॉपवर सव्वा तास लागतो. आपल्याकडे सव्वा तासात लाइन जाणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. एमपीफोर फाइल बनत असताना मध्येच मशीन बंद पडलं तर ती फाइल उघडतच नाही, ९५ टक्के झालं असलं तरी. तिचा नकाशा अगदी शेवटी लिहिला जातो. म्हणून बॅटरी धड असलेला लॅपटॉप घ्या, पूर्ण चार्ज करून बसा. बॅटरी गेलेली असेल तर फॉरमॅटमध्ये एमकेव्ही निवडा. ती अर्धवट राहिली तरी तेवढी चालते.

सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा. उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर ठेवू नका, फरशीवर किंवा पाटावर ठेवा, खालून हवा लागू द्या. कूलरसमोर ठेवला तर पाण्याचे तुषार डिस्कवर येणार नाहीत एवढं पाहा.

६. पाहून घ्या, मगच वाटा

तयार फाइलीची एकूण वेळ टायटलच्या वेळेशी जुळवा. सुरुवात, मध्य, शेवट पाहा. ओठ आणि आवाज जुळतात का हे शेवटच्या दहा मिनिटांत पाहा, फरक पडला असेल तर तिथेच दिसतो.

व्हॉट्सॲपवर पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. "व्हिडिओ" म्हणून पाठवली तर ते आपल्या मनाने पुन्हा दाबतं आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, जागा रिकामी असली तरी. युट्यूबवर टाकणार असाल तर मागे सिनेमाची गाणी आहेत हे लक्षात ठेवा. कॉपीराइटचा दावा येऊन व्हिडिओ बंद होऊ शकतो, म्हणून तीच एकमेव प्रत ठेवू नका.

मूळ व्हिडिओ-टीएस फोल्डर पुसू नका. एका हार्ड डिस्कवर घरी, एक प्रत बहिणीकडे किंवा भावाकडे दुसऱ्या गावी ठेवा. लहान केलेली फाइल पाहण्यासाठी असते. पुढे चांगली पद्धत आली तर ती मूळ फाइलींवरच वापरायची असते.

७. वही घेऊन बसा

हे काम कुठलंच सॉफ्टवेअर करत नाही. फाइल टीव्हीला लावा, घरातल्या मोठ्या माणसांना समोर बसवा, आणि कुणी ओळखीचं दिसलं की थांबवून वेळ आणि नाव लिहा. नात्यासकट लिहा, "मोठ्या मावशीचे दीर, आरमोरीचे" असं. एवढी माणसं आईला ठाऊक आहेत आणि मला त्यांतली निम्मीसुद्धा नाहीत, हे मला तिथे कळलं. दोन संध्याकाळी लागल्या. वहीत ८४ नावं झाली. मग ती यादी टाइप करून त्याच फोल्डरमध्ये, फिल्मच्याच नावाने ठेवली.

१ तास १२ मिनिटांवर आईने हात वर केला. मी थांबवायला रिमोट उचलला तर म्हणाली, "थांबवू नको, चालू दे." ते नाव मी नंतर लिहिलं.